लाल रेघा, हिंदीतला ल आणि माझा जाहीर संताप

रामबागवाला · रात्री ११:५२

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून झोपायच्या वेळी हा धागा काढतोय. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाची स्मरणिका यंदा माझ्या गळ्यात पडलीये (मीटिंगला उशिरा पोचलो, तोवर सर्वानुमते ठरून गेलं होतं). चौसष्ट पानं, जाहिराती वगळून चाळीसेक पानं मजकूर. आतापर्यंत प्रेसवालाच टाईप करून द्यायचा, त्याच्या हिंदी फॉन्टात, आणि दरवर्षी टिळकांचे "टिलक" व्हायचे. म्हणून यंदा म्हटलं घरीच करू, युनिकोडमध्ये (म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक असतो ती पद्धत) करू, आपले ळ आपण सांभाळू. खर्च नको म्हणून ते फुकटातलं ऑफिस सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, नाव घेत नाही.

तर आता ऐका. मी जे जे टाईप करतो त्याच्याखाली लाल रेघ. "आहे" खाली लाल रेघ. "आणि" खाली लाल रेघ. "गणपती" खाली!! अरे गणपती चुकलाय का? गंमत म्हणजे "घर", "पूजा", "प्रसाद" हे त्याला चालतात, म्हणजे मनात येईल तसं. दुसरं, ल आणि श हिंदीतले उमटतात, तो उभ्या दांड्याचा ल, आपला दोन पाकळ्यांचा नाही. तिसरं म्हणजे कहर, स्टाईलमध्ये जाऊन फॉन्ट बदलला, साईज १४ केली, ओके दाबलं, मराठी मजकूर ढिम्म हलला नाही आणि जाहिरातदारांचे इंग्रजी आकड्यातले फोन नंबर तेवढे टम्म फुगले.

मग मी काय केलं, त्यांची तक्रारी नोंदवायची जाहीर जागा आहे तिथे जाऊन चांगलं खरमरीत लिहिलं, की तुम्हाला मराठी भाषा मान्यच नाही, हा कोट्यवधी लोकांचा अपमान आहे वगैरे, आणि "अतिगंभीर" वर टिक मारली. तेच उचलून फेसबुकवर पण टाकलं, तिथे दोनशेच्या वर लाईक आले, कोणीतरी "मध्य प्रदेशातली मराठी अशीच संपवणार" असंही लिहिलं. आणि त्यांचं उत्तर काय आलं, तर दोन ओळी: हा दोष नाही, मदतीतलं भाषांच्या सेटिंगचं पान बघा. आणि तक्रार बंद!! माज बघा. फुकट देतात म्हणून काय झालं.

कोणाला दुसरं चांगलं सॉफ्टवेअर माहीत असेल तर सांगा, पाच दिवसांत प्रेसला द्यायचंय.

पुण्यातलं_पार्सल · रात्री १२:०६

गणपतीखाली लाल रेघ हे भारी आहे 😄 मी लग्न होऊन इंदुरात आले तेव्हा माझ्या मराठीखाली सासरचे अशाच रेघा मारायचे, "मला लागलं की" न म्हणता "मला वाटलं की" म्हणते म्हणून. सॉफ्टवेअरचं माहीत नाही, पण सहानुभूती आहे.

लष्करकर · रात्री १२:३१

रामबागवाले भाऊ, ग्वाल्हेरहून नमस्कार. दुसरं सॉफ्टवेअर शोधायच्या आधी तीन गोष्टी सांगा फक्त.

खिडकीच्या अगदी खाली जी पट्टी असते, पानं-शब्द मोजते ती, तिथे भाषेचं नाव लिहिलेलं असतं. मराठी शब्दावर कर्सर ठेवून बघा काय लिहिलंय. दुसरं, टाईप करता तेव्हा घड्याळाशेजारी कीबोर्डचं काय अक्षर दिसतं. आणि तिसरं, रागावू नका, एफ१ दाबून बघितलं होतं का?

रामबागवाला · रात्री १२:४४

एफ१ कोण दाबतं हो. चुकून दाबलं जातं तेव्हा बंद करतो.

खाली लिहिलंय "हिंदी (भारत)". कीबोर्ड पण हिंदीच आहे, दुकानदाराने कॉम्प्युटर देताना टाकून दिलेला, इन्स्क्रिप्ट मांडणीचा. पण त्यात सगळी मराठी अक्षरं येतात की. ळ येतो, शिफ्ट आणि एन. दुसऱ्या-तिसऱ्यातला ऱ्या पण येतो. मग हिंदी काय नि मराठी काय, फरक कुठे पडतो?

लष्करकर · रात्री १:०२

तिथेच पडलाय ना भाऊ.

इन्स्क्रिप्टमध्ये हिंदी आणि मराठीच्या कळा जवळपास त्याच आहेत, म्हणून तुम्हाला आयुष्यभर कळणारच नाही की पाटी हिंदीची आहे. पण सॉफ्टवेअर अक्षरं बघून भाषा ओळखत नाही, ते कीबोर्डला विचारतं. कीबोर्ड म्हणाला हिंदी, की मजकुराला हिंदीची चिठ्ठी लागली. मग शब्द तपासणारा हिंदीचा कोश काढून बसतो, त्यात "आहे" नाही, "आणि" नाही, "गणपति" ऱ्हस्व आहे. "घर", "पूजा", "प्रसाद" आहेत. मनात येईल तसं नाही चाललेलं, फार शिस्तीत चाललंय त्याचं.

आणि ल-श चं पण तेच कारण निघेल बहुतेक. युनिकोडमध्ये हिंदी ल आणि मराठी ल असे दोन वेगळे नाहीत, एकच आहे, वळण कोणतं दाखवायचं हे फॉन्ट ठरवतो. काही फॉन्टात दोन्ही वळणं भरलेली असतात, मजकुराची भाषा मराठी असली की पाकळीचा ल आणि देठाचा श काढतो, हिंदी असली की दांड्याचा. लोहित देवनागरी लावून बघा, त्यात हे आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात हीच मराठी वळणं प्रमाण धरलीत.

सगळा मजकूर निवडा, टूल्समध्ये भाषा, "सर्व मजकुरासाठी", मराठी. पुढचं टाईप करायला विंडोजच्या भाषांमध्ये मराठी कीबोर्ड जोडून घ्या. मराठीचा शब्दकोश मात्र वेगळा उतरवावा लागेल.

फोन नंबर का फुगले ते उद्या सांगतो, झोप आली.

मांडवी_बडोदे · सकाळी ८:१५

रात्रभरात बराच चालला धागा. आमच्या बडोद्यात ही भानगड होत नाही कारण कीबोर्ड चुकून गुजराती राहिला तर पहिल्या अक्षरालाच कळतं, शिरोरेषाच गायब. तुम्हा इंदूर-ग्वाल्हेरवाल्यांचं दुखणं वेगळं, लिपी तीच आणि भाषा दुसरी, त्यामुळे चूक पानोपानी लपून बसते. हे फक्त कॉम्प्युटरचंच नाही म्हणा.

बाकी रामबागवाले, नाचता येईना अंगण वाकडं 🙂

रामबागवाला · सकाळी ९:३०

बडोदेकर, मारा टोमणे, आज दिवस तुमचा आहे. सकाळी पोहे खायच्या आधी करून बघितलं. सगळ्या मजकुराची भाषा मराठी केली आणि डोळ्यादेखत पूर्ण स्मरणिकेतले ल बदलले. एकदम. मुलाला हाक मारून दाखवलं, तो म्हणाला बाबा काय बदललं मला तर काहीच दिसत नाहीये.

पण साईज अजून तशीच आहे. आणि त्या माणसाने हे सगळं का नाही सांगितलं? दोन ओळी फेकल्या आणि तक्रार बंद केली. लष्करकरांनी जसं विचारलं तसं त्याला विचारता आलं असतं ना.

हिशेबनीस · सकाळी १०:४८

त्या माणसाच्या जागी मी असतो तर दोन ओळी पण नसत्या लिहिल्या, साहेब. तुम्ही व्हर्जन लिहिलं नव्हतं, कीबोर्ड लिहिला नव्हता, अपमान मात्र लिहिला होता.

मी हे बोलायला लायक आहे कारण मी याहून मोठी शोभा करून घेतलीये. अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर, फुकटचं नाही, चांगले पैसे मोजलेलं. एका वर्षी ३ एप्रिलला सकाळी उघडलं तर दोन दिवसांच्या एंट्र्या गायब. मी थेट आमच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर कंपनीचं नाव घेऊन टाकलं की यांनी माझा डेटा उडवला, सावध राहा, त्या ग्रुपात तीनशे लोक. दुपारपर्यंत अकरा जणांनी नूतनीकरण थांबवलं म्हणून कळवलं. संध्याकाळी माझ्याच ऑफिसातला पोरगा म्हणतो, सर, वरती एंट्र्या दाखवायची मुदत ३१ मार्चपर्यंतचीच दिसतेय, ती वाढवू का? वाढवली. सगळं जागेवर. सोबत आलेल्या पुस्तकात नवीन वर्ष सुरू करणे हा धडा होता, मी ते पुस्तक मॉनिटरखाली उंची वाढवायला ठेवलं होतं.

ग्रुपवर दुरुस्ती टाकली तिला चार अंगठे आले. पहिल्या मेसेजला नव्वद होते.

कीबोर्डमावशी · दुपारी १२:२०

सगळे रामबागवाल्याला धोपटताय म्हणून मी मध्ये पडते. मी सत्तावीस वर्षं टायपिंग शिकवलं, आधी रेमिंग्टनच्या मशीनवर, नंतर कॉम्प्युटरवर, आणि "आधी पुस्तक वाच" हे मी हजारदा बोललेय. पण पुस्तक कसलं आहे ते पण बघा की.

त्याच्या मराठीचा फॉन्ट का बदलला नाही मला माहितीये, मीपण तिथे अडकले होते. त्या सॉफ्टवेअरमध्ये फॉन्टचे कप्पे वेगवेगळे असतात, एक पाश्चात्त्य लिपींचा, एक चिनी-जपानी वगैरेंचा आणि एक "कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट". रामबागवाल्याने पहिल्या कप्प्यात साईज बदलली म्हणून इंग्रजी आकडे फुगले. आपली देवनागरी त्या तिसऱ्या कप्प्यात, अरबी आणि थाईच्या शेजारी. आता मला सांगा, पहिलीतलं पोर जी बाराखडी घडाघडा म्हणतं ती लिपी "कॉम्प्लेक्स" आहे हे कोणाच्या मनात येईल? मदतीच्या पानावर लिहिलंय, मान्य, पण ते पान शोधायला आधी आपल्या लिपीचं हे नवीन बारसं झालंय हे माहीत पाहिजे. मी मदतीत "देवनागरी" शोधलं होतं, हाताला काही लागलं नाही.

कॉम्प्लेक्स का म्हणतात तेही सांगते, कारण नाव अगदीच उगाच नाहीये. "कि" लिहिताना कॉम्प्युटरवर आपण क आधी दाबतो, वेलांटी नंतर, पण दिसताना वेलांटी पुढे येऊन बसते. रफाराचं उलट, र आधी दाबा, पाय मोडा, आणि तो उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. ही उचलाउचल सॉफ्टवेअरला करावी लागते. रेमिंग्टनवर असं नव्हतं, कागदावर जे आधी दिसतं ते आधी मारायचं, वेलांटी मग क. म्हणून जुने टायपिस्ट कॉम्प्युटरवर आले की पहिला आठवडा नुसती भांडणं, मशीन खराब आहे मावशी. मशीन खराब नव्हतं. पण त्यांचीही बोटं खोटं बोलत नव्हती.

तेव्हा बडोदेकर, अंगण थोडं वाकडं आहेच. नाचणाऱ्याने ते मोजून सांगावं एवढंच.

पुण्यातलं_पार्सल · दुपारी १२:५५

मावशींना +१. आणि मदत इंग्रजीत असते हे पण धरा. आमच्या सासूबाई फोनचं प्रत्येक बटण दाबून बघतात पण मदत उघडत नाहीत, म्हणतात ते वाचायला अजून एक भाषा शिकावी लागेल.

लष्करकर · दुपारी ३:१०

मावशींचं म्हणणं पूर्ण मान्य आहे, आणि त्यांनी माझं उद्याचं काम केलं म्हणून आभार. मी अशाच एका फुकटातल्या सॉफ्टवेअरच्या मराठी भाषांतरात रात्री बसतो, पगार नाही, दिवसा बँकेत नोकरी. म्हणून दुसऱ्या बाजूचं थोडं लिहितो, लांबलं तर सोडून द्या.

एक तर "मॅन्युअल" म्हणजे बनवणाऱ्याने स्वतःची टिमकी वाजवलेली असते असा समज आहे. युनिक्स नावाच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचं पहिलं मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ चं, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिचीचं. त्यात कमांडच्या पानावर शेवटाकडे "बग्स" असा मथळाच असायचा, की बाबा हे इथे इथे गंडतं. म्हणजे तुमची तक्रार बनवणाऱ्यानेच लिहून ठेवलेली. वाचलं असतं तर आयती मिळाली असती.

दुसरं, त्या दोन ओळीवाल्याबद्दल. तुम्ही लिहिलेलं अपमान वगैरे त्याने वाचलं असेल रात्री घरी, आणि त्या दिवशी अशा वीस तक्रारी असतील. रुक्ष लिहिलं, चुकलं त्याचं. पण हे जाहीर ओरडणं किती महाग पडू शकतं याचं उदाहरण बघा. एक्सझेड नावाची फाईली दाबून लहान करायची लायब्ररी (म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड) आहे, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असते. ती वर्षानुवर्षं लासे कॉलिन नावाचा एक माणूस जवळजवळ एकटा सांभाळत होता. २०२२ मध्ये काही जण जाहीर कुरकुर करायला लागले की तुझं काम फार हळू चालतं, तुला झेपत नसेल तर दुसऱ्याला दे. त्याने लिहिलं की मानसिक त्रास चालू आहे, आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे हे पण लक्षात असू द्या. शेवटी जिया टॅन नावाने मदत करणाऱ्याच्या हातात हळूहळू किल्ल्या गेल्या. त्या जिया टॅनने २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये चोरदार (गुपचूप आत शिरायची वाट) बसवलं. कुरकुर करणारी ती खाती पण त्याच कटातली असावीत असा दाट संशय आहे. म्हणजे चोराने कुलूप फोडलं नाही, वॉचमनला टोचून टोचून दमवलं.

आणि हे पकडलं कोणी तर आन्द्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरने. त्याचं लॉगिन अर्धा सेकंद उशिरा व्हायला लागलं होतं. अर्धा सेकंद! आपण असतो तर "नवीन अपडेट भिकार आहे" टाकून चहाला गेलो असतो. तो अर्धा सेकंद कुठे जातोय हे तो खणत बसला आणि २९ मार्च २०२४ ला सगळं पुराव्यासकट जाहीर लिहिलं. जाहीरच लिहिलं हां त्याने पण.

हिशेबनीस · दुपारी ४:०२

लष्करकर, हे फुकटवाल्यांना ठीक आहे. पैसे मोजलेल्याने का गप्प बसायचं? जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा आम्ही आरडाओरडा केला नसता तर अर्ध्या गोष्टी सुधारल्या नसत्या. तेव्हा मॅन्युअल वाचायचा प्रश्नच नव्हता, नियमच रोज बदलत होते.

लष्करकर · दुपारी ४:२०

गप्प बसा कोण म्हणतंय साहेब. तुमचा ३ एप्रिलचा आरडाओरडा आणि जीएसटीचा आरडाओरडा यातला फरक तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये.

मांडवी_बडोदे · संध्याकाळी ६:४०

हे मॅन्युअल-मॅन्युअल चाललंय त्यावरून आठवलं. आपल्या शुद्धलेखनाचे नियम एकूण अठरा. चौदा १९६२ चे, चार १९७२ चे. आठ-दहा पानांत मावतात. लोकांची मराठी बिघडली म्हणून दर गणपतीत भाषण ठोकणाऱ्यांपैकी किती जणांनी ते अठरा वाचलेत? मी वाचले नव्हते, पन्नाशीत वाचले. "इंदूर" दीर्घ पण "इंदुरात" ऱ्हस्व का, हे त्यात एका ओळीत आहे आणि मी त्यावरून वहिनीशी वीस वर्षं वाद घातला होता. वहिनी बरोबर होती.

रामबागवाला · रात्री १०:१५

मंडळी, रिपोर्ट देतो.

मावशींनी सांगितलं तसं तिसऱ्या कप्प्यात जाऊन फॉन्ट आणि साईज बदलली, चाळीस पानं एका ओकेत सरळ. मराठी शब्दकोश उतरवला. लाल रेघा नव्वद टक्के गेल्या. काही उरल्या त्या लांबलचक शब्दांखाली, "मंडळाच्यासाठीसुद्धा" असलं काही आलं की त्याला झेपत नाही.

(लष्करकर, मी आज एफ१ वाचत बसलो, खरंच. त्यातून तो शब्द तपासणारा शोधत गेलो तर त्याचं नाव हनस्पेल निघालं, हंगेरियन भाषेसाठी बनवलेला, कारण त्यांच्याकडेही शब्दाला शेपट्या लागत जातात. आपला "मंडळाच्यासाठीसुद्धा" तिकडच्या माणसाला ओळखीचा वाटेल म्हणजे.)

फेसबुकची पोस्ट काढून टाकणार होतो, बायको म्हणाली काढू नकोस, खाली लिही. लिहिलं, की कीबोर्ड माझाच हिंदी होता. हिशेबनीसांचा हिशेब बरोबर आहे, आतापर्यंत सहा लाईक, त्यात एक मेव्हणा. "मराठी अशीच संपवणार" वाल्याने लिहिलंय की तू विकला गेलास.

आणि त्या तक्रारीच्या जागी परत गेलो. आधी त्या दोन ओळीवाल्याला सॉरी लिहिलं. मग वेगळी तक्रार लिहिली, व्हर्जन, विंडोज, कीबोर्ड, सगळं घालून. की हिंदी कीबोर्डने मराठी लिहिलं तर मजकूर गुपचूप हिंदी ठरतो आणि लिहिणाऱ्याला कुठेच इशारा मिळत नाही, मध्य प्रदेशात असे बरेच जण असतील. आणि फॉन्टच्या खिडकीत "कॉम्प्लेक्स" च्या पुढे देवनागरी, अरबी अशी दोन-चार नावं तरी लिहा, मदतीत देवनागरी शोधलं तर ते पान यायला हवं. गंभीरपणा "किरकोळ" टाकला. तासाभरात त्याच माणसाचं उत्तर आलं, यावेळी पाच ओळी. पहिल्या मुद्द्यावर नमुना फाईल मागितलीये, दुसरा म्हणे योग्य आहे, शब्द सुचवा. मावशी, शब्द तुम्हीच सुचवा.

आता खरी अडचण. उरलेल्या लाल रेघा मोजल्या तर सगळ्यात जास्त अध्यक्षांच्या मनोगतात आहेत, एकतीस, आणि त्यातल्या वीस-बावीस खऱ्या चुका आहेत. "आशिर्वाद" पाच वेळा. फोन केला तर म्हणाले, अरे तुझं ते सॉफ्टवेअर फुकटातलं आहे, त्याला मराठी कुठून येणार, तूच तर फेसबुकवर लिहिलं होतंस.

कीबोर्डमावशी · रात्री १०:३८

सुचवते, "संयुक्त लिपी" कसं वाटतं बघ, नको असेल तर सरळ "देवनागरी इत्यादी".

अध्यक्षांकडे शनिवारी मी येते तुझ्याबरोबर. ते माझ्याच क्लासला होते, स्पीड चांगला होता, पहिली-दुसरी वेलांटी तेव्हाही कच्चीच.